फाउंड्रीची धूळ आणि हरवलेली नोंद : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कोल्हापूर जिल्ह्यातील फाउंड्री कामगारांना असलेला कर्करोगाचा धोका आणि त्यांच्या आरोग्यनोंदी

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या फाउंड्रीत उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगाराला पन्नाशीनंतर फुप्फुसाचा कर्करोग झाला, तर त्या रोगाचा त्याच्या कामाशी काही संबंध होता का, या प्रश्नाचे उत्तर आजच्या व्यवस्थेत कोणालाही देता येत नाही. तो कोणत्या खात्यात किती वर्षे होता, तेथील हवेत धूळ किती होती, त्याच्या छातीची तपासणी कधी झाली आणि तिच्यात काय आढळले, यांपैकी एकही कागद त्या वेळी हाती लागत नाही. आणि कागद नाही म्हणून संबंध नाही, असा निष्कर्ष कोणी न काढताही आपोआप रूढ होतो. प्रस्तुत पत्राचा आग्रह एवढाच आहे की ही नोंद ठेवणे हे कायद्याने सांगितलेले काम असून ते करवून घेण्याचा अधिकार आणि जबाबदारी आपल्या संचालनालयाकडे आहे.

कोल्हापूरचा ओतकाम उद्योग हा बाहेरून आणून बसवलेला उद्योग नाही. पंचगंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठच्या उसाला पाणी उपसून देणारी ऑइल इंजिने आणि पंप येथेच दुरुस्त होऊ लागले, पुढे येथेच तयार होऊ लागले, आणि त्या इंजिनांना लागणारे ओतीव भाग करता करता शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांनी एक अख्खे यंत्रशास्त्र हाताने आत्मसात केले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून आज लहानमोठ्या मिळून तीनशेच्या आसपास फाउंड्री चालतात, देशातील मोटारी, ट्रॅक्टर आणि पंप यांचे सुटे भाग तेथे ओतले जातात, आणि करवीर, हातकणंगले, पन्हाळा या तालुक्यांतील गावांबरोबरच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेल्या हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. या उद्योगाविषयी जिल्ह्याला वाटणारा अभिमान रास्त आहे, आणि ज्या माणसांच्या जोरावर तो उभा राहिला त्यांच्या फुप्फुसांचा हिशेबही त्याच अभिमानाने मांडला गेला पाहिजे.

हा हिशेब वाळूपासून सुरू होतो. ओतकामाचा साचा प्रामुख्याने सिलिका वाळूचा असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसरात अशी वाळू खाणीतून निघते. तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळून मोल्डिंगची वाळू तयार होते, तर कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारे कोअर हे राळ मिसळलेल्या वाळूचे असतात. साधारणपणे १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस या साच्यात ओतला जातो, तो थंड झाल्यावर नॉकआउट खात्यात साचा फोडून जॉब, म्हणजे ओतीव भाग, बाहेर काढला जातो आणि मग फेटलिंग खात्यात त्याला चिकटलेली, जळालेली वाळू व जादा लोखंड काढून तो साफ केला जातो. वाळू ओली असते तोवर धूळ कमी असते. ओतीव रसाने ती भाजून निघाल्यावर, म्हणजे नेमकी नॉकआउटपासून पुढे, ती कोरडी व ठिसूळ झालेली असते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर हवेत उडते.

फेटलिंगचे काम जवळून पाहिले तर धोका कोठे आहे ते लगेच कळते. कामगार हातातील ग्राइंडर जॉबच्या कोपऱ्यावर दाबून धरतो, ठिणग्यांचा झोत त्याच्यापासून दूर जातो, पण वाळूची बारीक धूळ त्याच्या चेहऱ्यासमोर रेंगाळते. नाकातोंडावर रुमाल बांधलेला असतो, भुवया आणि पापण्या करड्या झालेल्या असतात, आणि पाळी संपल्यावर तो हवेच्या दाबाची नळी अंगावर फिरवून कपडे झटकतो. त्या एका कृतीत कपड्यांवर बसलेली दिवसभराची धूळ पुन्हा हवेत येते आणि त्याच्या व शेजाऱ्याच्या श्वासात जाते. भुवयांवर दिसणारी धूळ तुलनेने जाड असल्यामुळे बरीचशी नाकात व घशात अडते. खरा घात करते ती न दिसणारी, काही मायक्रॉन आकाराची, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक धूळ, जिला श्वसनयोग्य धूळ असे म्हणतात. ती फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचते आणि रुमालाच्या विणीला ती मुळीच जुमानत नाही.

वायुकोशांत पोचलेला स्फटिकरूप सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कण विरघळत नाही. शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळतात, पण त्याला पचवता न आल्यामुळे त्या स्वतःच मरतात, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या न संपणाऱ्या चक्रामुळे तेथे सतत दाह राहतो, फुप्फुसाचा मऊ भाग तंतुमय व ताठर होत जातो आणि त्या अवस्थेला सिलिकोसिस म्हणतात. हा रोग पूर्ण बरा करणारे औषध नाही आणि तो असलेल्या माणसाला क्षयरोग होण्याची शक्यताही वाढते. हाच दीर्घकाळचा दाह पेशींच्या जनुकद्रव्यालाही इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था कर्करोगकारक पदार्थांचे वर्गीकरण करते, आणि तिने कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला १९९७ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करतात असे पुरेशा पुराव्याने ठरलेल्या पदार्थांच्या गटात, समाविष्ट केले.

फाउंड्रीतील धोका सिलिकापुरता मर्यादित नाही. साच्यातील कोळशाची भुकटी आणि कोअरमधील राळ उष्ण रसाच्या स्पर्शाने अर्धवट जळते, तेव्हा निघणाऱ्या धुरात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन या वर्गातील संयुगे तयार होतात. त्यांतील बेंझोपायरिन हे सर्वांत कुप्रसिद्ध आहे. या संयुगाचा इतिहास बोधप्रद आहे. लंडनमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमधील वृषणकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. त्या काजळीच्या जातीचेच द्रव्य असलेल्या डांबरातून बेंझोपायरिन वेगळे काढण्यात १९३३ मध्ये यश आले, म्हणजे कारण दिसल्यापासून कारक रसायन हाती येईपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे गेली. कोअरच्या राळेतून निघणारे फॉर्माल्डिहाइडही आज पहिल्या गटात आहे, वेल्डिंगचा धूरही त्याच गटात आहे. एकेका पदार्थाचा वाटा वेगळा काढणे कठीण असल्यामुळे उपर्युक्त संस्थेने लोखंड व पोलाद ओतकामाच्या व्यवसायालाच, त्यातील एकत्रित संपर्कासह, १९८७ मध्ये पहिल्या गटात घातले. कोल्हापूरच्या बाबतीत हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे, कारण जिल्ह्याची ओळख असलेला अख्खा व्यवसायच या यादीत नावानिशी आहे.

पहिला गट याचा अर्थ समजून घेतला पाहिजे, कारण त्याचा विपर्यास दोन्ही बाजूंनी होतो. हा गट पुराव्याची बळकटी सांगतो, धोक्याचे प्रमाण सांगत नाही. फाउंड्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असा त्याचा अर्थ नाही. धोका किती, हे धूळ किती, किती वर्षे आणि कोणत्या खात्यात, यावर ठरते. कामगार बिडी ओढत होता वा तंबाखू खात होता, एवढे सांगून विषय मिटवण्याची जी पद्धत आहे तीही शास्त्राला धरून नाही, कारण फुप्फुसाच्या बाबतीत धूम्रपान आणि सिलिका ही कारणे एकमेकांना रद्द करत नाहीत. ती दोन्ही एका देहात आली तर धोका वाढतो. बिडी सोडवणे आवश्यकच आहे, पण त्यामुळे मालकाचे धूळ काढण्याचे कर्तव्य कमी होत नाही.

आता कायद्याकडे वळावे. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियम, १९४८ यात १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि त्या प्रक्रियांच्या पहिल्या अनुसूचीत फाउंड्रींचा, वाळूच्या व छर्‍यांच्या माऱ्याने होणाऱ्या सफाईसह, स्पष्ट उल्लेख झाला. कलम ४१-ब अन्वये धोक्याची माहिती कामगारांना देणे बंधनकारक झाले. कलम ४१-क अन्वये कामगाराची आरोग्यनोंद अचूक व अद्ययावत ठेवणे, ती त्याला पाहू देणे, आणि त्याला अशा कामावर घेण्यापूर्वी, कामावर असताना व ते काम सुटल्यानंतरही बारा महिन्यांहून अधिक नाही इतक्या अंतराने त्याची वैद्यकीय तपासणी करणे ही कारखान्याच्या भोगवटादाराची, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणाऱ्याची, जबाबदारी ठरली. तिसऱ्या अनुसूचीतील २९ अधिसूचित रोगांत, म्हणजे आढळताच शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत, सिलिकोसिस होता आणि व्यवसायजन्य कर्करोगही होता. हे कळवण्याचे बंधन कारखान्याच्या व्यवस्थापकाइतकेच उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या ॲस्बेस्टॉसविषयक खटल्यात कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांची आरोग्यनोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे किंवा ती संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपण्याचा आदेश दिला. ४० वर्षांचा हा आकडा कर्करोगाच्या स्वभावातून आलेला आहे. धुळीचा पहिला श्वास आणि गाठ दिसणे यांत बहुधा २० किंवा त्याहून अधिक वर्षे जातात.

नेमक्या याच वीस वर्षांत कोल्हापूरचा कामगार व्यवस्थेच्या नजरेतून निसटतो. फेटलिंग आणि नॉकआउट ही सर्वाधिक धुळीची कामे बहुधा ठेकेदाराकडे किंवा जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शेडकडे दिली जातात. ठेकेदार बदलला की हजेरीपट बदलतो, कामगार एका वसाहतीतून दुसरीत जातो, आणि प्रकृती खालावली की गावी परततो, मग ते गाव राधानगरीत असो वा बिहारमध्ये. खोकला आणि धाप घेऊन तो दवाखान्यात गेला तर क्षयरोगाची तपासणी होते, कारण एक्स-रेवर सिलिकोसिस आणि क्षयरोग यांच्या खुणा सारख्या भासू शकतात. केसपेपरवर तंबाखूचा प्रश्न असतो, परंतु आयुष्यभरात कोणकोणती कामे केली, हा प्रश्न क्वचितच असतो. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, रोग्याला त्याचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, असा आग्रह धरला होता. तीन शतकांहून अधिक काळ उलटूनही तो प्रश्न केसपेपरवर आलेला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आकडेवारीत उमटत नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. कर्करोग मोजण्याची परंपरा महाराष्ट्राला आहे, उणीव आहे ती कामाचा इतिहास त्या मोजणीला जोडण्याची.

हाच प्रश्न जिल्ह्यातील इतर कारागिरांनाही लागू आहे. हुपरीच्या चांदीकामात डाक देताना कॅडमियमयुक्त मिश्रण वापरले गेल्यास त्याचा धूर, आणि चामडे घासताना उडणारी धूळ, ही दोन्ही पहिल्या गटातच मोडतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती करणारे हात घराच्या पडवीत काम करतात आणि तेथे कोणताही निरीक्षक जात नाही. फाउंड्रीपासून आरंभ करावा, कारण तेथे कायदा नि:संदिग्ध आहे; पुढे नोंदीची ती पद्धत या घरगुती उद्योगांपर्यंत न्यावी.

उद्योजकांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. मोटार कंपन्या ओतीव भागांचे दर घासून घेतात, वीज महाग आहे, आणि छोट्या फाउंड्रीला धूळ ओढून घेणारी यंत्रणा हा मोठा खर्च वाटतो. तथापि, धूळ कमी करण्याचे उपाय उतरत्या क्रमाने सर्वमान्य आहेत आणि त्यांतील कित्येक फारसे महाग नाहीत. वाळूच्या माऱ्याऐवजी पोलादी छर्‍यांचे बंदिस्त शॉट ब्लास्टिंग हा पहिला उपाय. ब्रिटनने सफाईसाठी सिलिका वाळूचा मारा १९४९ च्या नियमांनी बंद केला. ग्राइंडरच्या अगदी जवळ, धूळ श्वासापर्यंत पोचण्याआधी तिला ओढून घेणारे शोषण हा दुसरा. झाडण्याऐवजी ओले करून वा व्हॅक्यूमने साफसफाई करणे हा तिसरा. आणि हवेच्या नळीने अंग झटकण्यास बंदी हा चौथा, ज्याला खर्च जवळजवळ नाही. योग्य बसणारा, प्रमाणित गाळणी असलेला मास्क सर्वांत शेवटी येतो, कारण तो हवा स्वच्छ करत नाही आणि भट्टीच्या उकाड्यात आठ तास कोणाच्याही तोंडावर टिकत नाही. धुळीच्या मर्यादांचाही फेरविचार व्हावा: १९४८ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतील सूत्रानुसार शुद्ध क्वार्ट्झच्या श्वसनयोग्य धुळीची मर्यादा घनमीटरमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम येत होती, तर अमेरिकेने २०१६ मध्ये ती ०.०५ मिलिग्रॅमवर आणली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली असून तिने जुन्या अधिनियमाची जागा घेतली आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र आणि ठरावीक वर्गांना मोफत वार्षिक आरोग्य तपासणी या तिच्यातील तरतुदी नोंदीच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या आता २० कामगारांपासून सुरू होते, आणि फेटलिंगच्या असंख्य शेडमध्ये त्याहून कमी माणसे असतात. केंद्र शासनाने एखादे काम धोकादायक म्हणून अधिसूचित केल्यास कामगारसंख्येची अट राहत नाही, ही संहितेतील तरतूद म्हणूनच निर्णायक आहे.

या पार्श्वभूमीवर संचालनालयाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी या पत्राद्वारे मागणी आहे. पहिली, फाउंड्री आणि फेटलिंगचे काम, कामगार एक असला तरी, धोकादायक म्हणून अधिसूचित व्हावे यासाठी राज्याने केंद्राकडे शिफारस करावी. दुसरी, तिन्ही वसाहतींतील नॉकआउट व फेटलिंग खात्यांतील श्वसनयोग्य सिलिकाची मोजणी मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था किंवा अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था यांच्या साह्याने करून तिचे आकडे कारखान्याच्या फलकावर मराठीत व हिंदीत लावावेत. तिसरी, प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद, ठेकेदाराच्या कामगारासह, त्याच्या कर्मचारी राज्य विमा क्रमांकाशी किंवा ई-श्रम क्रमांकाशी जोडावी, तिची प्रत त्याच्या हातात द्यावी आणि ती किमान ४० वर्षे जपावी. चौथी, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस व्यवसायजन्य रोगांचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार छातीचे एक्स-रे वाचण्याचे प्रशिक्षण तेथील डॉक्टरांना द्यावे, आणि जिल्ह्यातील प्रत्येक कर्करोग व क्षयरोग केसपेपरवर कामाच्या इतिहासाचा रकाना आणावा. पाचवी, राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी तपासणी, प्रमाणपत्र आणि आर्थिक साह्य यांचे धोरण केले, त्याच धर्तीवर महाराष्ट्राने धोरण करावे आणि त्यात व्यवसायजन्य कर्करोगाचाही समावेश करावा.

यांतील बहुतेक मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील उद्योजक संघटना, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन या संस्थेचा कोल्हापूर विभाग, कामगार संघटना आणि जिल्ह्यातील डॉक्टर यांना एकत्र बसवून आरंभ करता येईल, आणि त्या बैठकीचे निमंत्रण संचालनालयानेच धाडले पाहिजे. आज फेटलिंग खात्यात विशीतला जो तरुण रुमाल बांधून उभा आहे, त्याची पहिली तपासणी आणि त्याच्या खात्यातील धुळीचा पहिला आकडा या वर्षी लिहिला गेला, तरच २०४५ साली त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला आपला हक्क सिद्ध करता येईल. ती नोंद यंदाच सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

कळावे.

कोल्हापूर